इंजिनिअर जेव्हा पेटंटचे खटले लढवतो

अमेरिकेतल्या एका कंपनीकडे पीठ भाजण्याच्या पद्धतीचं पेटंट होतं. त्या पद्धतीनं तयार केलेला पदार्थ नंतर मायक्रोवेव्हमध्ये गरम केला तरी खुसखुशीत राहायचा, वातड व्हायचा नाही. पेटंटात लिहिलं होतं, की भिजवलेलं पीठ ४०० ते ८५० अंश फॅरनहाइट तापमानापर्यंत तापवायचं. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं ते अर्थातच ओव्हनच्या तापमानाबद्दल. पीठ स्वतःच एवढं तापलं तर त्याचा कोळसा होईल, हे कुणालाही कळतं.

दुसरी एक कंपनी आपलीच पद्धत वापरते, असं म्हणून पेटंटधारक कंपनीनं तिच्यावर खटला भरला. प्रतिवादीचं उत्तर सरळ होतं: आमचं पीठ कधीच ४०० अंशांपर्यंत तापत नाही, तेवढा तापतो तो ओव्हन. पेटंटाची सगळी अपिलं ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयानं २००४ साली हे म्हणणं मान्य केलं. वाक्यात जे लिहिलंय त्याचा अर्थ स्पष्ट आहे, त्यातून पीठ जळत असलं तरी आम्ही तुमचं वाक्य दुरुस्त करून देणार नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. ‘४०० अंशांपर्यंत तापवणे’ आणि ‘४०० अंशांवर तापवणे’ यांत जेवढा फरक आहे, तेवढ्यानं खटला गेला. इंग्रजीत तर तो फरक दोन अक्षरांच्या एका शब्दाचा होता.

या प्रकरणाकडे इंजिनिअर एका नजरेनं बघतो आणि वकील दुसऱ्या. इंजिनिअर म्हणेल, यात वाद कसला, ओव्हनच. वकील म्हणेल, कागदावर काय आहे ते दाखवा. पेटंटचे खटले लढवणाऱ्या माणसाला या दोन्ही नजरा सतत वापराव्या लागतात. अमेरिकेत हे काम करणारे पुष्कळसे वकील मुळात इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, केमिकल किंवा कॉम्प्युटर इंजिनिअर असतात. ते नेमकं करतात काय, आणि इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्या कुठे उपयोगी पडते, हे इथे जरा तपशिलात सांगायचं आहे.

आधी एक घोटाळा दूर करू. ‘पेटंट वकील’ या एकाच नावाखाली दोन वेगळी कामं येतात. पहिलं काम पेटंट मिळवून देण्याचं. संशोधकाशी बोलायचं, अर्ज लिहायचा, पेटंट ऑफिसातल्या परीक्षकाच्या हरकतींना उत्तरं द्यायची. इंग्रजीत याला ‘प्रॉसिक्युशन’ म्हणतात आणि ते ऐकून अनेकांना वाटतं की हेच खटल्याचं काम. तसं नाही. या कामासाठी पेटंट ऑफिसची वेगळी परीक्षा द्यावी लागते, शंभर प्रश्नांची, सहा तासांची, आणि विज्ञान किंवा इंजिनिअरिंगचं ठरावीक शिक्षण असल्याशिवाय त्या परीक्षेला बसताच येत नाही. दुसरं काम म्हणजे मिळालेल्या पेटंटवरून कोर्टात भांडण्याचं. त्यासाठी ती परीक्षा लागत नाही, वकिलीची सनद पुरते. म्हणजे नियमानं बघितलं तर इतिहासात पदवी घेतलेला वकीलही पेटंटचा खटला लढवू शकतो, आणि तसे नामांकित वकील आहेतही. तरीही या शाखेत माणसं घेताना लॉ फर्म तांत्रिक पदवी असलेल्यांना झुकतं माप देतात. का, ते पुढे येईल.

रस्ता लांबचा आहे. चार वर्षांची इंजिनिअरिंगची पदवी, मग तीन वर्षांचं लॉ स्कूल, मग राज्याची बार परीक्षा. काही जण मध्ये दोन-चार वर्षं कारखान्यात किंवा सॉफ्टवेअर कंपनीत काढतात. काही जण वेगळी वाट धरतात: लॉ फर्ममध्ये तांत्रिक सल्लागार म्हणून नोकरी आणि संध्याकाळचं लॉ स्कूल, जे चार वर्षं चालतं. पदवीनंतर एखाद्या न्यायाधीशाकडे वर्षभर ‘क्लार्क’ म्हणून काम मिळालं, तर सोन्याहून पिवळं. हा क्लार्क म्हणजे आपल्याला वाटतो तसा कारकून नव्हे. तो न्यायाधीशासाठी दोन्ही बाजूंचे कागद वाचतो, कायदा शोधतो, निकालाचे कच्चे मसुदे लिहितो. १९८२ साली स्थापन झालेल्या फेडरल सर्किटमध्ये असं एक वर्ष काढलेल्या माणसाला कुठला युक्तिवाद न्यायाधीशांच्या गळी उतरतो आणि कुठला नाही, हे आतून कळलेलं असतं.

आता मूळ मुद्द्याकडे. पेटंटाच्या कागदात आकृत्या असतात, लांबलचक वर्णन असतं आणि शेवटी क्रमांक घातलेली काही वाक्यं असतात. त्या वाक्यांना ‘क्लेम’ म्हणतात. मराठीत ‘दावा’ म्हणता येईल, पण आपण खटल्यालाही दावाच म्हणतो, म्हणून इथे क्लेमच बरा. पेटंटधारकाच्या मालकीची हद्द या वाक्यांनी ठरते. आकृती कितीही सुंदर असो, भांडण होतं ते क्लेमच्या शब्दांवर.

समजा, एका बाटलीचं पेटंट आहे. क्लेम म्हणतो: एक बाटली, तिला आट्यांनी बसणारं झाकण, आणि झाकणाला जोडलेला पेला. तीन घटक. दुसऱ्या कंपनीची बाटली उल्लंघन करते असं म्हणायचं, तर तिच्यात हे तिन्ही घटक सापडले पाहिजेत. एक जरी नसला, तर त्या क्लेमचं सरळ उल्लंघन नाही. म्हणून नव्या वकिलाच्या हाती पहिल्या दिवसापासून येतो तो एक तक्ता: डाव्या रकान्यात क्लेमचे तुकडे, उजव्या रकान्यात समोरच्या वस्तूतला पुरावा. दिसायला अगदी साधा. पण मोठमोठ्या खटल्यांचा पाया या तक्त्यावर असतो आणि तो कच्चा असेल तर पुढची सगळी इमारत डुगडुगते.

प्रतिस्पर्ध्याच्या बाटलीत पेला लोहचुंबकानं झाकणाला चिकटतो. ओढला की सुटतो. हा पेला ‘जोडलेला’ आहे का? इथून खटला सुरू होतो. पेटंटधारकाचा वकील म्हणणार, चुंबकाचा जोड हाही जोडच. समोरचा म्हणणार, सुटतो तो जोडलेला कसला? मग दोघंही पेटंटाचं वर्णन उलटंपालटं करून वाचतात. आकृतीत पेला कसा दाखवलाय? वर्णनात ‘बिजागरी’ हा शब्द किती वेळा आलाय? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पेटंट मिळवताना परीक्षकाशी झालेला पत्रव्यवहार काय सांगतो? समजा, परीक्षकानं एक जुनी बाटली दाखवून हरकत घेतली होती, जिच्या झाकणावर पेला नुसता ठेवलेला होता. तेव्हा अर्जदारानं उत्तर दिलं असेल की ‘आमचा पेला झाकणापासून वेगळा होऊच शकत नाही’, तर आज चुंबकाच्या पेल्यावर बोट ठेवता येणार नाही. पेटंट मिळवण्यासाठी जे सोडलं, ते खटल्यात परत मागता येत नाही.

आणि समजा असं उत्तर दिलंच नव्हतं. पेटंटधारकानं ‘जोडलेला’ या शब्दाचा अर्थ ताणून चुंबक आत घेतला. पण तेवढ्या रुंद हद्दीत चाळीस वर्षांपूर्वीची, दाबून बसणाऱ्या पेल्याची एखादी बाटलीही येऊन बसली तर? मग क्लेममध्ये नवं काहीच उरत नाही आणि पेटंटच रद्द होतं. हद्द वाढवावी तर पेटंट धोक्यात, आवळावी तर प्रतिस्पर्धी निसटतो. ही कात्री प्रत्येक खटल्यात असते. उल्लंघनासाठी एक अर्थ आणि पेटंट वाचवायला दुसरा, असं करता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १८८६ सालीच बजावलं होतं, की क्लेम म्हणजे हवं तिकडे वळवता येणारं मेणाचं नाक नव्हे. ही उपमा वकील आजही कोर्टात वापरतात.

शब्दाचा अर्थ कुणी ठरवायचा, न्यायाधीशानं की ज्युरीनं, म्हणजे सामान्य नागरिकांच्या पंचमंडळानं, हाही एकेकाळी वादाचा विषय होता. मार्कमन नावाच्या गृहस्थांकडे ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कपड्यांचा माग ठेवणाऱ्या यंत्रणेचं पेटंट होतं. त्यात ‘इन्व्हेंटरी’ असा शब्द होता. त्यात कपडे आलेच पाहिजेत, की नुसता पैशांचा हिशेब ठेवणारी यंत्रणाही त्यात बसते? ज्युरीनं मार्कमन यांच्या बाजूनं कौल दिला, पण न्यायाधीशानं तो बाजूला सारला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९६ साली एकमतानं ठरलं, की क्लेमचा अर्थ लावणं हे न्यायाधीशाचं काम. तेव्हापासून जवळपास प्रत्येक पेटंट खटल्यात वादग्रस्त शब्दांवर वेगळी सुनावणी होते. तिला ‘मार्कमन सुनावणी’च म्हणतात. कित्येक खटल्यांचं भवितव्य त्या एका दिवशी ठरून जातं आणि मग तडजोडीची बोलणी सुरू होतात.

अर्थात शब्दांना चिकटून राहण्यालाही मर्यादा आहे. वेल्डिंगच्या फ्लक्सच्या, म्हणजे जोड नीट बसावा म्हणून वापरायच्या मिश्रणाच्या, एका पेटंटात मॅग्नेशियमचं सिलिकेट होतं. प्रतिवादीनं त्या जागी मँगेनीजचं सिलिकेट वापरलं आणि म्हटलं, आमचं वेगळं. १९५० साली सर्वोच्च न्यायालयानं ते ऐकलं नाही. बदललेली गोष्ट तेच काम, त्याच रीतीनं करून तोच परिणाम साधत असेल आणि फरक नाममात्र असेल, तर शब्द वेगळा म्हणून सुटका नाही. पण ‘त्याच रीतीनं’ म्हणजे काय, हे ठरवायला फ्लक्स वितळताना त्या दोन सिलिकेटांचं नेमकं काय होतं हे कळावं लागतं. कायद्याचा प्रश्न इथे धातुशास्त्राच्या दारात येऊन उभा राहतो.

इंजिनिअरिंगची पदवी कुठे लागते याचं माझ्या मते सगळ्यांत खरं उत्तर एका बंद खोलीत आहे. सॉफ्टवेअरच्या खटल्यात समोरच्या कंपनीला आपला सोर्स कोड दाखवावा लागतो. पण तो ती पाठवून देत नाही. बहुतेक वेळा तो तिच्या वकिलांच्या ऑफिसात, इंटरनेट नसलेल्या, यूएसबीची तोंडं बंद केलेल्या एका कॉम्प्युटरवर ठेवला जातो. फोन बाहेर ठेवायचा. नोंदी करायच्या त्या बहुधा हातानं. छापील पानांवर मर्यादा, तीही बरीच कडक. आणि कोर्टाच्या गोपनीयतेच्या हुकुमामुळे तो कोड आपल्या अशिलाच्या माणसांना दाखवता येत नाही. तो बघू शकतात बाहेरचे वकील आणि मंजूर झालेले तज्ज्ञ, बस्स.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आपलं अशील म्हणजे त्या क्षेत्रातली नावाजलेली कंपनी असेल, तिच्याकडे शेकडो हुशार इंजिनिअर असतील, पण त्यांच्यातल्या एकालाही फोन करून ‘हे फंक्शन काय करतंय हो?’ असं विचारता येत नाही. लाखो ओळींच्या कोडसमोर वकील आणि त्याचा तज्ज्ञ एवढेच. तज्ज्ञाचा वेळ महाग आणि मोजका. कुठल्या फायली आधी उघडायच्या, कोणतं व्हेरिएबल कुठून येतं आणि कुठे जातं, कॉमेंटमध्ये लिहिलंय ते कोड खरंच करतो का, छापायची मोजकी पानं कोणती, हे ठरवायला आयुष्यात कधीतरी दुसऱ्याचा किचकट कोड वाचून डोकं धरलेलं असावं लागतं. जे पान तेव्हा छापून मागितलं नाही ते हाती येत नाही, आणि वर्षभरानं ज्युरीसमोर दाखवायला काही नसतं.

चिपच्या खटल्यात हेच वेगळ्या रूपात येतं. चिपचं आवरण ॲसिडनं काढतात, एकेक थर घासून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्याचे फोटो काढतात आणि त्या करड्या पट्ट्यांमधून सर्किट उभं करतात. हे काम प्रयोगशाळा करते. पण ‘आठवा क्लेम सिद्ध करायला मला या ट्रान्झिस्टरच्या गेटखालचा थर हवाय’ हे तिला सांगावं लागतं वकिलालाच.

दुसरी जागा म्हणजे जबानी. खटला उभा राहण्याआधी दोन्ही बाजू एकमेकांच्या साक्षीदारांना शपथेवर प्रश्न विचारतात. एका साक्षीदारासाठी साधारण एक दिवस, सात तास. समोर बसलेला असतो ती वस्तू बनवणारा इंजिनिअर. आपल्या बाटलीकडेच परत जाऊ. वकील थेट विचारेल, ‘पेला झाकणाला जोडलेला आहे का?’ तर पढवून आणलेला साक्षीदार म्हणेल, ‘तुम्ही जोडलेला कशाला म्हणता त्यावर अवलंबून आहे.’ पण वकिलानं विचारलं, ‘बाटली उलटी धरून हलवली तर पेला पडू नये, यासाठी तुम्ही चाचणी घेतली होती का? किती बळ लावल्यावर तो सुटावा असं ठरवलं होतं? तो आकडा कुणी ठरवला?’ की साक्षीदारातला इंजिनिअर जागा होतो. त्याला त्या चाचणीचा अभिमान असतो. तो आकडा सांगतो, ड्रॉइंगवरची टीप सांगतो, आणि त्या टिपेत लिहिलेलं असतं: ‘वापरात पेला झाकणाला घट्ट जोडलेला राहावा.’ अशी चाचणी असणारच, हे ओळखायला वस्तू कशी बनवतात ते ठाऊक असावं लागतं.

इथे एक प्रश्न हमखास येतो. वकील तर साक्ष देत नाही, साक्ष तज्ज्ञ देतो, मग वकिलाला एवढं कळायची गरज काय? उलटतपासणी. समोरचा तज्ज्ञ बहुधा प्राध्यापक असतो, त्या विषयात वकिलापेक्षा शंभरपट शिकलेला. त्याला सगळ्या विषयात हरवायचं नसतंच. त्याच्या अहवालातलं एक गृहीतक, आलेखावरची एक गाळलेली नोंद, किंवा दहा वर्षांपूर्वी त्यानंच लिहिलेल्या शोधनिबंधातलं उलट वाक्य, एवढं सापडलं तरी पुरतं. आणि त्यासाठी विषय शिकावा लागतो, तोही प्रत्येक खटल्यात नव्यानं. मेकॅनिकलच्या माणसाला यंदा इंजेक्शनच्या पेनची स्प्रिंग मिळेल, पुढच्या वर्षी व्हिडिओ कॉम्प्रेशन. पदवीतलं ज्ञान थोडंच पुरं पडतं. उपयोगी पडते ती सवय: अनोळखी यंत्र उघडायची भीती नसणं, आणि ‘मला हे कळलं नाही, पुन्हा सांगा’ असं न लाजता म्हणता येणं.

पेटंटच्या कायद्यात एक काल्पनिक माणूस आहे, आणि तो मला फार आवडतो. एखादा शोध ‘उघड’ होता का, म्हणजे तो कुणालाही सुचला असता का, हे ठरवताना कायदा विचारतो: त्या क्षेत्रातल्या सामान्य कौशल्याच्या माणसाला तो सुचला असता का? तो प्रतिभावंत नाही आणि अडाणीही नाही. रोज कामावर येणारा, आपलं काम बऱ्यापैकी जाणणारा इंजिनिअर. २००७ साली मोटारीच्या ॲक्सिलरेटर पेडलच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा माणूस यांत्रिक बाहुलं नाही, त्याच्याकडेही सर्वसाधारण कल्पकता असते. मागे-पुढे सरकवता येणारं पेडल होतं, इलेक्ट्रॉनिक सेन्सरही होता, दोन्ही एकत्र आणणं त्याला सहज सुचलं असतं, म्हणून तो क्लेम अवैध ठरला. ज्यानं स्वतः अशा माणसांच्या शेजारी बसून काम केलंय, त्याला हा काल्पनिक माणूस डोळ्यांसमोर दिसतो. त्याला काय सुचतं, डेडलाइन जवळ आली की तो कुठला सोपा पर्याय धरतो, हे पुस्तकातून कळत नाही.

याच मुद्द्याची दुसरी बाजू रॉबर्ट कर्न्स यांच्या प्रकरणात दिसते. मोटारीचा वायपर थांबून-थांबून चालवणाऱ्या त्यांच्या सर्किटाचं पेटंट १९६७ सालचं. १९७८ साली त्यांनी फोर्डवर खटला भरला. कंपनीचं म्हणणं होतं, यात नवं काय? कपॅसिटर, ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, सगळे बाजारात मिळणारे भाग. पण जुन्या भागांची नवी जुळणी हाही शोध असू शकतो. १९९० साली फोर्डनं एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम देऊन प्रकरण मिटवलं, आणि पुढे क्रायस्लरविरुद्धही ज्युरीनं कर्न्स यांच्या बाजूनं निकाल दिला. कर्न्स स्वतः इंजिनिअर होते, आणि क्रायस्लरविरुद्धचा खटला त्यांनी स्वतःच चालवला. त्यात त्यांच्या आयुष्याची किती वर्षं गेली, हे बघितलं की मला वाटतं, अशा माणसाला त्याचं सर्किट समजणारा वकील वेळेवर भेटणं ही केवढी मोठी गोष्ट आहे.

पैशांचा आवाका समजायला पोलरॉइडनं कोडॅकवर भरलेला खटला बघावा. विषय होता झटपट फोटोच्या कॅमेऱ्याचा. खटला भरला १९७६ साली, उल्लंघनाचा निकाल आला १९८५ साली, आणि १९८६ च्या सुरुवातीला कोडॅकला तो सगळा धंदा बंद करावा लागला. भरपाई चुकती झाली १९९१ साली, नव्वद कोटी डॉलरहून अधिक. आज एवढा काळ सहसा लागत नाही, दोन-तीन वर्षांत खालच्या कोर्टातलं प्रकरण निकालाला येतं. शिवाय २०१२ पासून आणखी एक रणांगण उघडलं. ज्याच्यावर खटला झालाय तो पेटंट ऑफिसच्याच एका मंडळाकडे जाऊन पेटंट रद्द करण्याची मागणी करू शकतो. तिथे ज्युरी नसते. तिथल्या न्यायाधीशांना कायद्याबरोबर विज्ञान-तंत्रज्ञानही यावं लागतं. त्यांच्यासमोर आलेख काढून, समीकरण मांडून बोलता येतं. हेच प्रकरण ज्युरीसमोर न्यायचं तर तीच गोष्ट शाळेत विज्ञान सोडलेल्या आठ माणसांना समजावायची असते.

आणि इथेच इंजिनिअरला काहीतरी विसरावं लागतं. खरं बोलायचं तर अपवाद सांगायचे, ‘साधारणपणे’ म्हणायचं, ही त्याची सवय. चांगली सवय आहे. पण ज्युरीसमोर पाच अपवाद आधी सांगितले तर मूळ गोष्ट हरवते. सोपं करताना चूकही करून चालत नाही, कारण समोरचा वकील ती दहा मिनिटांत चव्हाट्यावर आणतो. सोपं पण खोटं नसलेलं वाक्य शोधण्यात रात्रीच्या रात्री जातात. मला हे या कामातलं सगळ्यांत सुंदर आणि सगळ्यांत अवघड कौशल्य वाटतं.

जमेच्या बाजूबरोबर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मोठ्या फर्ममध्ये अशिलाच्या नावे लावायचे तास वर्षाला १,९०० ते २,००० च्या घरात अपेक्षित असतात, आणि तेवढे तास भरायला ऑफिसात त्याहून बरेच जास्त बसावं लागतं. पहिली काही वर्षं ईमेलचे ढीग वाचण्यात आणि तक्ते करण्यात जातात, कोर्टात उभं राहायला मिळत नाही. बहुतेक खटले तडजोडीत संपतात, म्हणजे दोन वर्षं तयारी केलेली उलटतपासणी कपाटात राहते. हाताखालून वस्तू तयार झालेली बघण्याचं समाधान ज्याला सोडवत नाही, त्यानं इकडे येताना दोनदा विचार करावा. काही जण काही वर्षांनी कंपन्यांमध्ये अंतर्गत वकील म्हणून जातात, काही पुन्हा इंजिनिअरिंगकडे वळतात.

हे आपल्याला जमेल का, हे बघायला लॉ स्कूलची फी भरायची गरज नाही. पेटंट सगळ्यांना मोफत वाचता येतात. कर्न्स यांचं अमेरिकी पेटंट क्रमांक ३३५१८३६ उघडा. आधी आकृती बघा आणि सर्किट कसं चालतं ते स्वतःला समजावून सांगा. मग पहिला क्लेम घ्या, त्याचे तुकडे करून कागदाच्या डाव्या बाजूला एकाखाली एक लिहा. उजव्या बाजूला एखाद्या वेगळ्या वायपरचं सर्किट ठेवा आणि एकेक तुकडा त्यात सापडतो का ते बघा. कुठल्यातरी एका शब्दापाशी अडाल. तिथे थांबून तो शब्द पेटंटधारकाच्या बाजूनं वाचा, मग प्रतिवादीच्या बाजूनं वाचा, आणि दोन्ही अर्थांसाठी वर्णनातली ओळ शोधा.